काळ्याचा खांदा

धाड गावच्या आमच्या घरी मोटार आली तेव्हा सगळे तिला मोटारच म्हणत. एकटा पुंजाजी तिला ‘काळ्या’ म्हणे. आणि ‘ती’ नाही, ‘तो’. काळ्या आज खुशीत आहे, काळ्याचं पोट बिघडलंय, काळ्याला पाणी पाजून येतो. मी बुलढाण्याहून लग्न होऊन नवीनच आलेली. मला वाटलं, गोठ्यात या नावाचा बैल असेल. तसं विचारलं तर सासूबाई तोंडाला पदर लावून हसत सुटल्या.

पुंजाजी मूळचा आमचा गाडीवान. बसायच्या दमणीचे बैल हाकण्यात त्याचा हात धरणारा आसपासच्या गावांत कोणी नव्हता. मामंजींनी, म्हणजे माझे सासरे किसनराव यांनी, कुणा साहेबाने वापरून जुनी केलेली विलायती मोटार घेतली आणि बाहेरचा ड्रायव्हर आणण्याऐवजी पुंजाजीलाच मलकापूरच्या एका गॅरेजात शिकायला धाडलं. तो शिकून आला, मोटारीचं दुखणंखुपणंही बघायला लागला, पण आतून गाडीवानच राहिला. राजूरचा घाट चढताना जिभेने टक् टक् करी. ब्रेक दाबताना ‘हो हो हो’ म्हणे. मोटार तापली की सावलीत उभी करून तिच्या टपावर थाप मारी. लोक हसत. तो म्हणे, "तुमी हासा. त्याले समजते."

पोळ्याला तर कहरच. आदल्या संध्याकाळी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेला खांदा कोमट पाण्याने शेकायचा, हळद-तुपाने चोळायचा आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ पुंजाजी हे सगळं मोटारीलाही करी. पुढच्या दोन्ही मडगार्डांना हळद-तूप चोळी, आवतन देई आणि पोळ्याच्या दिवशी बैलांसारखीच तिलाही सुट्टी. किल्लीला कोणी हात लावायचा नाही. वर तिला पुरणपोळीचा नैवेद्य! पुरण वाटून माझे हात गळून गेलेले असत आणि हा दारात येऊन म्हणे, "वैनी, काळ्याची पोळी राह्यली." लोखंडाला मेलं पुरण कशाला, म्हणत मी पोळी लाटी आणि मुद्दाम तूप कमी लावी.

महाराष्ट्र होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. एस.टी. आमच्या दारावरून जायला लागली, मामंजींचं फिरणं कमी झालं आणि मोटार नुसती उभी राहायला लागली. मलकापूरचे डॉक्टर नारायणराव खेड्यापाड्यांत पेशंट बघायला जात, त्यांना गाडी हवी होती. मामंजींनी त्यांना शब्द दिला. डॉक्टरांची अट एकच, गाडी वेळेला चालू झाली पाहिजे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, त्यांनी येऊन ती घेऊन जायचं ठरलं.

पुंजाजी एकदाच बोलला. "मालक, म्हातारा बैल कोनी बाजारात नेते काय?"

"बैल नाई बे ते. मोटार हाय," मामंजी म्हणाले, आणि विषय संपला.

पुंजाजीची बायको गोजरबाई आमच्याकडे धान्य निवडायला येई. ती मला म्हणाली, "वैनी, जेवत नाई तो. नुसता ताटात हात फिरवते." मी तिला समजावलं, की दमणी आहे, बैल आहेत, त्याचं काम कुठे जात नाही. ती म्हणाली, "कामाचं नाई वो दुःख. काळ्याचं हाय."

करीच्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने डॉक्टर आले. साधा, हसरा माणूस, मूळचा बीबी गावाकडच्या शेतकऱ्याच्या घरचा. मोटारीच्या दिव्याला पोळ्याची झेंडूची माळ तशीच होती. पुंजाजी धुतलेलं धोतर नेसून आला, आत बसला, सेल्फ दाबला. घर्र घर्र झालं आणि थांबलं. पुन्हा दाबला. पुन्हा तेच.

त्याने डिकीतून हँडल काढलं, पुढून घातलं आणि फिरवायला लागला. इंजिन फिरे, पण पेटेना. मग त्याने बॉनेट उघडलं. पेट्रोलची नळी सोडून पाहिली, पेट्रोल येत होतं. प्लग काढला, तो पेट्रोलने भिजलेला. म्हणजे खायला मिळतंय, पेटत नाही. प्लग वायरीला जोडून इंजिनाला टेकवला आणि मामंजींना म्हणाला, "मालक, हँडल मारा." मामंजींनी फेटा बाजूला ठेवून हँडल मारलं. ठिणगी पडायला हवी होती, ती पडली नाही.

मामंजी घामाघूम झाले होते आणि दिलेल्या शब्दाची लाज जात होती. नाकावर राग तर कायमचाच. ते सगळ्यांदेखत म्हणाले, "पुंजाजी, तूच काई केलं काय बे? परवापोत तं चालत होती. तुले द्याची नव्हती, म्हून काई केलं का?"

पुंजाजीने मान वर केली नाही. मला मामंजींचा असा राग आला म्हणून सांगू! सुनेने काय बोलायचं? मी ताकाचं पातेलं तेवढं ओट्यावर आदळलं.

डॉक्टर मध्ये पडले. "राहू द्या किसनराव. जुनी गाडी आहे. माझी दुपारची एस.टी. आहे, मी तीच धरतो. मला रात्री-अपरात्री जावं लागतं, अशी गाडी घेऊन मी काय करू?" त्यांनी बॅग उचलली.

मी ताकाचे पेले घेऊन अंगणात गेले होते. पुंजाजी इंजिनाच्या बाजूची एक वाटीएवढी टोपी उघडत होता. चारी प्लगांना करंट तिथूनच वाटला जातो, हे मला त्या दिवशी कळलं. टोपी निघाली आणि तो थबकला. मी त्याच्या अगदी मागे होते, म्हणून मलाही दिसलं. आतल्या बारक्या पॉइंटांवर पिवळा थर होता. हळद आणि गोठलेलं तूप.

इतकी वर्षं तो मडगार्ड चोळत आला होता. पण हा काळ्याचा शेवटचा पोळा. वरवर चोळून त्याचं मन भरलं नसणार. त्याने बॉनेट उघडून आतला खांदा चोळला होता, आणि तशाच हातांनी, डॉक्टरांसमोर मान खाली जाऊ नये म्हणून, पॉइंट पुसून ठेवले होते. पोळ्याच्या दिवशी सुट्टी, त्यामुळे कोणी किल्लीही फिरवली नाही.

आता टोपी परत बसवली असती की झालं होतं. डॉक्टर एस.टी.ने गेले असते आणि काळ्या आमच्याच दारात राहिला असता. खरं सांगितलं तर मोटार जाणार, आणि वर मालकाचा संशय खरा ठरणार. ठेव टोपी, बाबा, मी मनात म्हणत होते.

पुंजाजी टोपी हातात घेऊन वळला. मग डॉक्टरांना म्हणाला, "साहेब, थांबा. बिमारी सापडली." आणि टोपी मामंजींच्या पुढे धरली. "मीच केलं, मालक. पन तुमी म्हंता तसं नाई. खांदा चोळला म्या त्याचा."

मामंजींनी आतल्या पिवळ्या थराला बोट लावून वास घेतला. सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "काखेत कळसा अन् गावाले वळसा!" सगळे हसले. डॉक्टर तर बॅग खाली ठेवून हसले. पुंजाजी हसला नाही, आणि मामंजीही नाही.

पेट्रोलमध्ये बुडवलेल्या फडक्याने त्याने एकेक पॉइंट पुसला. घाई नव्हती, चुकारपणाही नव्हता. टोपी बसवली, प्लग बसवला आणि आत बसून सेल्फ दाबला. काळ्या पहिल्या हाकेला उठला.

पुंजाजी उतरला आणि डॉक्टर स्वतः चालवायला बसले. पुंजाजीने दिव्यावरची माळ सारखी केली, टपावर थाप मारली आणि जमिनीवर पडलेलं हँडल उचलून काखेत धरलं. डॉक्टरांनी खिडकीतून हात पुढे केला, "हँडल राहिलं."

पुंजाजी हँडल देईना. तेव्हा मामंजी पुढे झाले. "डॉक्टर, बैल इकला तं त्याचं दावं देत नाईत. तुमी शेतकऱ्याच्या घरचे, तुमाले काय सांगाचं? हँडल मलकापुरात दुसरं भेटते." मग पुंजाजीकडे न बघता म्हणाले, "ने बे, घरी ने ते."

डॉक्टरांनी हात मागे घेतला आणि मान हलवली. मोटार वेशीतून दिसेनाशी झाली तरी पुंजाजी तिथेच उभा होता. मामंजी त्याच्या शेजारी उभे राहिले. मामंजींना माफी मागता येत नसे. त्या दिवशी त्यांनी मागितली ती अशी.

हँडल गोजरबाईच्या घरात खुंटीवर बैलांच्या दाव्यांशेजारी लटकलं. पुंजाजी पुन्हा दमणी हाकू लागला.

पुढच्या पोळ्याला बैलांचे नैवेद्य घेऊन तो निघाला, तेव्हा मी त्याच्या ताटात आणखी एक पोळी ठेवली.

"हे कोनाची, वैनी?"

"काळ्याची."

तो पोळीकडे बघत राहिला. तूप तिच्यावरून ओघळून ताटात उतरलं होतं. त्याने उपरण्याने डोळे पुसले.

"तूप लई लावलं, वैनी," तो म्हणाला. "मंग चालू होत नाई तो."