हरणानं आमचं काय घोडं मारलं होतं?

"मी शिकारीला चाललोय," असं अरुणनं जाहीर केलं तेव्हा सुमनवहिनी मेथी निवडत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "त्या हरणानं तुमचं काय घोडं मारलंय?"

प्रश्न बिनतोड होता. त्याचं उत्तर आम्हाला शेवटपर्यंत देता आलं नाही, पण विमानाची तिकिटं मात्र काढून झाली होती.

अरुण गायकवाड माझा चाळीस वर्षांपासूनचा मित्र. धायरीत आमच्या इमारती समोरासमोर आहेत. तो पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाला आणि मी शाळेतून. कॉलेजात असताना हा राज्य पातळीवरचा नेमबाज होता. त्या काळात त्यानं कागदावरच्या काळ्या ठिपक्यांचे हजारोंनी प्राण घेतले. मुंगी मारल्याचा मात्र पुरावा नाही. गेल्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की उजव्या डोळ्याचा मधला भाग गेलाय आणि तो परत येणार नाही. डावाही त्याच वाटेवर आहे, वर्ष, फार तर दोन. तिसऱ्या दिवशी अरुणनं माळ्यावरची छऱ्याची बंदूक काढली आणि गच्चीवर जाऊन ती डाव्या खांद्याला लावली. साठीनंतर डाव्या डोळ्यानं नेम धरायला शिकणं म्हणजे डाव्या हातानं सही शिकण्यासारखं आहे. आठवड्याभरात सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली: "गच्चीवर नेम धरू नये. पापड वाळत आहेत."

"एकदा खऱ्यावर," तो मला म्हणाला. "डोळा आहे तोवर एकदा. नाहीतर जन्मभर कागदच फाडले असं होईल."

आपल्याकडे शिकारीला कायद्यानं बंदी आहे आणि ती योग्यच आहे. अरुणची पुतणी प्राची अमेरिकेत डेन्व्हरला असते. तिनं सांगितलं की शेजारच्या वायोमिंग राज्यात प्राँगहॉर्न नावाच्या हरणासारख्या जनावराची रीतसर शिकार करता येते, परदेशी माणसालासुद्धा. अर्ज करायचा, सोडतीत नाव लागलं तर परवाना. अरुणचं नाव लागलं. आयुष्यात त्याचं नाव सोडतीत लागण्याची ही पहिलीच वेळ. घरांच्या सोडतीत सात वेळा लागलं नव्हतं.

माझ्याकडे परवाना नाही, बंदूक नाही, हिंमत तर नाहीच. मग मी कशाला? "बंदुकीवरच्या दुर्बिणीतून जनावर दिसतं, पण त्याच्या मागे-बाजूला काय आहे ते मला आता कळत नाही," अरुण म्हणाला. "ते तू बघायचंस आणि मला सांगायचंस." तीस वर्षं मी मुलांना उत्तर अमेरिकेतली प्रेअरी शिकवली. गवत उंच असतं, झाडं नसतात, दोन गुण. ते गवत एकदा बघावं म्हणून मी हो म्हणालो. शिवाय अरुणला एकटं पाठवणं बरं दिसलं नसतं. या दोन्हींतलं खरं कारण दुसरं.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी कामाचं: अर्ज वसंतात भरावा लागतो आणि शिकार शरद ऋतूत, त्यामुळे घरच्यांना समजवायला सहा महिने मिळतात. सुरक्षिततेचा अभ्यासक्रम ऑनलाइन करता येतो. पर्यटक व्हिसावर गेलेल्यानं परवान्याचा कागद खिशात असल्याशिवाय बंदुकीला हातही लावायचा नाही. नियम दर वर्षी बदलतात, तेव्हा माझ्यावर विसंबू नका, मी भूगोलाचा माणूस आहे. व्हिसाच्या खिडकीत साहेबानं विचारलं, "जाण्याचं कारण?" अरुण म्हणाला, "शिकार." साहेबानं अरुणच्या अंगातल्या, हातानं विणलेल्या बिनबाह्यांच्या स्वेटरकडे एकदा पाहिलं आणि शिक्का मारला.

पुणे ते दिल्ली, दिल्लीहून पुढे एक थांबा, मग डेन्व्हर. विमानात खायला जे देतात त्याला ते पास्ता म्हणतात. प्राचीकडे दोन दिवस झोपलो, आणि तिनं आम्हाला गाडीनं उत्तरेला नेलं. पाच तासांचा रस्ता. त्या पाच तासांत एकही खड्डा आला नाही. सिंहगड रस्त्याच्या माणसाला यानं झोप लागत नाही, काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं. आणि गवत? गुडघ्याएवढं! मी मुलांना तीस वर्षं चुकीचं शिकवलं. उंच गवत पूर्वेकडे, इथं खुरटं. ज्यांचे दोन गुण मी कापले होते त्या सगळ्यांची जाहीर माफी.

मार्था नावाच्या बाईंच्या कुरणावर आमची सोय होती. वय सत्तरीच्या पुढे, कंबर ताठ, बोलणं मोजकं. प्राचीनं त्यांना शोधलं ते एका कारणासाठी: त्यांचे दिवंगत यजमान डावखुरे होते आणि त्यांची डाव्या हाताची रायफल घरात होती. मार्थाबाईंनी ती अरुणच्या हातात दिली, अंगणात पाच गोळ्या कागदावर झाडायला लावल्या, कागद पाहिला आणि म्हणाल्या, "चालेल." पुण्याबाहेर इतकी जपून केलेली स्तुती मी प्रथमच ऐकली.

प्राँगहॉर्न हे हरीण नाही, काळवीटही नाही. त्याचं कुळच वेगळं. ते प्रचंड पळतं, पण तारेच्या कुंपणावरून सहसा उडी मारत नाही, खालून सरपटत जातं. तिथली माणसं त्याला लाडानं 'वेगवान शेळी' म्हणतात. हे ऐकून अरुण माझ्या कानात म्हणाला, "अर्धी पृथ्वी ओलांडून शेळी मारायला आलोय हे धायरीत बोलू नकोस."

पहिल्या दिवशी सकाळी भगभगीत नारिंगी जाकिटं घालून (सक्तीची आहेत, महापालिकेचे वाटलो तरी घालायची) आम्ही एका उंचवट्यामागे पालथे पडलो. दोनशे पावलांवर एक देखणा नर होता. काळी शिंगं, पांढरं पोट. अरुणनं नेम धरला आणि पुटपुटला, "मागं मोकळं आहे?"

मी म्हणालो, "हं."

मला म्हणायचं होतं, हो. अरुण थांबून राहिला. त्यानं पुन्हा विचारलं, मी पुन्हा "हं" म्हणालो. तेवढ्यात वारा फिरला आणि नर क्षितिजापलीकडे गेला.

"का नाही मारलीस?"

"तू हं म्हणालास!"

"मग? हं म्हणजे हो!"

"चाळीस वर्षं तुझं हं ऐकतोय मी. तू हं म्हणतोस तेव्हा तुझं लक्ष नसतं!"

यावर मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानं उत्तरादाखल माझं डोकं, माझी शाळा आणि माझी दुर्बीण यांचा उद्धार केला. दुपारभर अबोला. मार्थाबाईंच्या थांबलेल्या गाडीत डबा खाताना मधे त्या आणि दोन्ही खिडक्यांना आम्ही. शेवटी त्याच म्हणाल्या, "तुम्हाला दोन शब्द हवेत. एक 'मार'साठी, एक 'थांब'साठी. असे, की ज्यांत घोटाळा होणार नाही."

विचार करून आम्ही पंगतीतले शब्द घेतले. 'वाढ' म्हणजे गोळी झाड. 'पुरे' म्हणजे थांब. मार्थाबाईंनी अर्थ विचारला, मी जेवणावळ समजावून सांगितली. त्या म्हणाल्या, "म्हणजे पाहुणा पुरे म्हणाला की वाढणारा थांबतो?" आम्ही दोघं एकदम म्हणालो, "छे!" मग हसू आलं आणि अबोला सुटला. शब्द मात्र तेच ठेवले. चूक तिथंच झाली.

दुसरा दिवस नुसता वाऱ्यात गेला. तिसऱ्या दिवशी, म्हणजे आमच्या शेवटच्या दिवशी, मार्थाबाईंनी जुनी युक्ती काढली. हे जनावर अतिशय चौकस असतं. काहीतरी पांढरं फडकताना दिसलं की पळून जायच्या ऐवजी बघायला येतं. पांढरं काय आहे? माझ्याकडे पंचा होता. काठीला पंचा बांधून मी झुडपाआड पडल्यापडल्या हलवायला लागलो. दूरवरचा एक नर थांबला. चार पावलं पुढे आला, थांबला, मान तिरकी केली, पुन्हा आला. हा प्राणी मी ओळखला. रस्ता खणलेला दिसला की स्कूटर बाजूला लावून खड्ड्यात डोकावणारा तो हाच. "पुणेकर आहे रे हा," मी कुजबुजलो आणि त्याच क्षणी मला तो फार आवडला, ही मोठी गैरसोय झाली.

तो दीडशे पावलांवर आला. मागे नुसती टेकडी. बाजूला काही नाही. अरुणचा श्वास संथ चालला होता. तो माझी वाट बघत होता. इतकी वर्षं मित्र असून माझ्या एका शब्दावर तो कधी इतका अवलंबून नव्हता.

"वाढ," मी म्हणालो.

आवाज झाला. नर कोसळला आणि पुढच्या दोन पायांवर उठायला लागला. मागचं अंग उठत नव्हतं. गोळी थोडी मागे बसली होती. ते पाहून माझ्या तोंडून निघालं, "पुरे, अरुण, पुरे. पुरे रे!"

आम्ही ठरवलेला शब्द होता तो. थांब म्हणजे थांब. अरुणनं शांतपणे रायफलचा बोल्ट ओढून दुसरी गोळी भरली आणि झाडली. नर आडवा झाला तो पुन्हा हलला नाही.

मार्थाबाई म्हणाल्या, "बरोबर केलंत." अरुण रडला नाही. मी रडलो, पंच्याला डोळे पुसले, ज्या पंच्यानं त्याला बोलावलं होतं त्यालाच. फार वाईट वाटलं आणि लाजही वाटली, कारण दुसरी गोळी ही दया होती आणि ती नको म्हणणारा मी होतो.

"मी थांब म्हणालो होतो," मी नंतर त्याला म्हणालो.

"तू पुरे म्हणालास," अरुण म्हणाला. "आयुष्यात तू पुरे म्हणाल्यावर आणखी एक पोळी घेतली नाहीस असं कधी झालंय?" मग बराच वेळ तो डावा डोळा चोळत बसला. "पहिली मागं बसली रे. उजवा असता तर दुसरी झाडावी लागली नसती. झालं आता. बंदूक बंद."

पुढचं काम शिकारीच्या फोटोंत नसतं. जनावर साफ करणं, उचलणं, गाडीपर्यंत आणणं. दोन तास लागले आणि पाठ आठवडाभर दुखली. त्या संध्याकाळी मार्थाबाईंच्या तव्यावर अरुणनं बरोबर आणलेला कांदा-लसूण मसाला टाकून मांस परतलं. मी घरात शाकाहारी आहे आणि परदेशात मोकळा, तरी त्या दिवशी पहिला घास घशाखाली उतरेना. मग उतरला. ज्याला आपण पंचा दाखवून बोलावलं त्याला पानात टाकून उठणं मला जमलं नाही. मार्थाबाईंनी दुसऱ्यांदा वाढलं तेव्हा मी "पुरे" म्हणालो. त्यांनी हसून आणखी वाढलं. उरलेलं प्राचीच्या फ्रीजरमध्ये गेलं. भारतात आम्ही काही आणलं नाही, शिंगं नाहीत, फोटोही एकच, तो मार्थाबाईंच्या दारातला.

परत आल्याला आता आठ महिने झाले. जावं का, असं विचाराल तर कुरण बघायला जरूर जा. शिकारीचं मी सांगणार नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं. सुमनवहिनींचा प्रश्न अजून तसाच उभा आहे.

गेल्या रविवारी त्यांच्याकडे जेवायला होतो. वाढायला अरुण. त्याचा डावा डोळा डॉक्टरांची दोन वर्षं पुरी व्हायच्या आधीच गेलाय, कडेचं तेवढं दिसतं. वहिनींनी सांगून पाहिलं, पण आमटीचा डाव त्यानं सोडला नाही. एका हातानं माझी वाटी चाचपून तो आमटी ओतायला लागला. वाटी काठोकाठ आली. मी म्हणालो, "पुरे."

अरुण ताबडतोब थांबला. डाव तसाच हातात, मान माझ्या आवाजाकडे. चाळीस वर्षांत माझ्या 'पुरे'वर तो पहिल्यांदाच थांबला होता.

"पुरे ना?" त्यानं विचारलं. "सांग बाबा, आता मला वाटीत दिसत नाही."

मला ते मुळीच आवडलं नाही. मी वाटी तोंडाला लावून गरम आमटी घटाघट अर्धी केली, जीभ भाजली, आणि वाटी पुन्हा त्याच्या हाताखाली धरली.

"वाढ," मी म्हणालो.