मशाल माझ्याच हातात राहिली

माझा मित्र वसंता गेल्याचं कळलं ते आमच्याच चार टेलिफोनांच्या घरगुती लाइनवरून. भर दुपारी बझर वाजला, मी रिसीव्हर उचलला, आणि कुसुमवहिनी म्हणाल्या, "प्रभाकरभाऊजी..." लाइनवर कुणी कुणाचं खरं नाव घ्यायचं नाही, घेतलं तर खरंच काही वाईट घडलंय असं समजायचं, हा वसंताचा नियम होता. आणि वहिनींनी, त्याच्या बायकोनं, त्या रिसीव्हरला कधी हातही लावला नव्हता. मी महाल वस्तीतल्या आमच्या बोळातून धावलो. चार घरं ओलांडायची होती, तरी उशीर झाला...

वसंता रेडिओ दुरुस्त करायचा. माझा जुन्या सामानाचा धंदा, कुणाच्या आधाराशिवाय उभा केलेला. एका कचेरीच्या लिलावात मी जुने टेलिफोन उचलले, त्यातले चार त्यानं मागितले. म्हणाला, "पैसे नाही देत गा, तुले खेळात घेतो." इतका वाईट सौदा मी कधी केला नाही. त्यानं छपरांवरून तार ओढली. एक टेलिफोन त्याच्या घरी, एक समोरच्या मास्तरांकडे, एक माझ्या बैठकीत, एक आतल्या खोलीत माझ्या आईजवळ. उन्हाळ्यात रविवारी दुपारी रस्ते ओस पडले की खेळ सुरू व्हायचा. वसंता एका किल्ल्याची गोष्ट सांगायचा, आणि त्या किल्ल्यात आम्ही प्रत्येक जण कुणीतरी असायचो. मास्तर वैद्य, आई राणी. आई आधी म्हणाली, "लोकं काय म्हनतील, म्हातारी भिंतीसंगं बोलून राहिली." पण थोड्याच दिवसांत ती बिनदिक्कत लोकांना कैदेत टाकू लागली. वहिनी मात्र दारातून टोमणे मारायच्या, "एवढाले घोडे झाले, अन् खेळ पाहा याइचे."

मला वसंतानं मशालजी केलं. मी भडकलो. "मशालजी काहून? मी काय तुझा नोकर हाय का?"

"नोकर नाही गा. सगळ्याइच्या पुढं चालणारा."

सरदारकी मिळावी म्हणून मी खूप घासाघीस केली. शेवटी एक तलवार तेवढी वाढवून मिळाली. महिनाभर त्याच्याशी बोललो नाही. तो राग अजून गेलेला नाही.

किल्ल्याखालच्या भुयारात शिरलो की त्याचा आवाज खाली जायचा. "मशालजी, भिंत ओली हाये... मागं कोणीतरी श्वास घेऊन राहिलं." बाहेर ऊन रणरणत असायचं आणि मी खुर्चीत बसल्याबसल्या मान वळवून मागे पाहायचो. लहानपणी मला धान्याच्या कोठीत कोंडलं होतं, तेव्हापासून अंधार मला सोसत नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. शेवटच्या रविवारी भुयारात वळण आलं, पलीकडे काहीतरी सरपटलं, मशाल फडफडली. वसंता म्हणाला, "आता पुढच्या रविवारी." आणि त्याच आठवड्यात गेला. असं अर्ध्यावर कुणी सोडून जातं का? तो माझ्याच वयाचा होता. गेले काही आठवडे मी दिवा लावून झोपतो, आणि डोळे मिटले की त्या वळणावर उभा असतो.

वहिनींना भेटायला गेलो तेव्हा मला मशालजी केल्याची तक्रार मी त्यांच्यापुढेही मांडली. त्या म्हणाल्या, "अवो, ते म्हनत, प्रभाकर अंधारले लय भेते. म्हनून त्याच्याच हाती मशाल देल्ली."

परवाच्या रविवारी दुपारी बझर वाजला. माझा हात उठेना. आतून आईनं रिसीव्हर उचलल्याचा खट्ट आवाज आला, मग मीही उचलला. आधी नुसता श्वास... मग अडखळत वहिनींचा आवाज. "मशालजी... मशालीत तेल हाये का?"

आतल्या खोलीतून राणीसाहेब ओरडल्या, "सांग ना गा."

"आहे," मी म्हणालो. "थोडंसं."

"मंग एक पाऊल पुढं टाका."

मी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला, मशाल धरतात तसा.