रहमतुल्ला सरांचा पुठ्ठा

रहमतुल्ला सरांच्या क्लासला बोर्ड नाही, ही माझी पहिली तक्रार होती. राजापेठेत दर दहा पावलांवर एक क्लास आहे आणि प्रत्येकाच्या दारावर निवड झालेल्या पोरापोरींचे हार घातलेले फोटो आहेत. त्यातले निम्मे हार आमच्या दुकानातून गेलेले, म्हणून मला कोणाच्या क्लासचा निकाल कसा लागला ते पेपरात येण्याआधी कळतं. सरांकडून तीन वर्षांत एका हाराची ऑर्डर नाही. दारावर विजेचं मीटर, खाली चपलांचा ढीग, वर सायकलच्या दुकानावरची एक खोली. अशा ठिकाणी माझी मुलगी आचल परीक्षेला दोन महिने उरले असताना स्वतःहून जाऊन बसली.

सरांचं वय सत्तरच्या आसपास. बडनेऱ्याला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात बत्तीस वर्षं कारकून होते. इंग्रजी ते कॉलेजात शिकले नाहीत. खोक्यांवरची लेबलं, फुटलेल्या मालाचे अहवाल आणि वरून येणारी पत्रं वाचता वाचता शिकले. पत्रातल्या एका शब्दाचा अर्थ चुकला की मेमो यायचा, त्यामुळे इंग्रजी शब्दाला ते अजूनही काचेच्या मालासारखा हात लावतात. हे सगळं त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

आमची अडचण साधी होती. आचलने सरळसेवा भरतीची परीक्षा दोनदा दिली. मराठी, सामान्य ज्ञान, बुद्धिमापन, तिन्हींत चांगले गुण. इंग्रजीत मात्र पंचवीसपैकी एकदा अकरा, एकदा बारा. दोन्ही वेळा यादी थोडक्यात हुकली. माझे यजमान धर्मेंद्र यांनी यंदा सांगून टाकलं, की या वेळी नाही झालं तर तिनं दुकानावर बसायचं. त्यांचाही दोष नाही, फुलांच्या धंद्यात घरचं माणूस लागतंच. पण मी बी.ए. होऊन अठ्ठावीस वर्षं हार ओवतेय. तिचंही तेच व्हावं असं मला वाटत नाही, आणि हे मी घरात मोठ्यानं बोलू शकत नाही.

चिडायला होत होतं ते वेगळ्याच गोष्टीनं. घरी ही मुलगी इंग्रजीत पक्की होती. पहाटे मंडीतून फुलं आली की आम्ही दोघी खाली बसतो. तिचे दोन्ही हात सुईदोऱ्यात, म्हणून एक हजार प्रश्नांचा जाडजूड प्रश्नसंच माझ्या मांडीवर. मी नंबर वाचायची, प्रश्न वाचायची, चार पर्याय वाचायची, ती उत्तर सांगायची. शंभरात नव्वद बरोबर. पुस्तक पाच वेळा संपवलं. पुढे पुढे मी अर्धा प्रश्न वाचेपर्यंत तिचं उत्तर यायचं आणि मला मोठा अभिमान वाटायचा. मग परीक्षेत अकरा कसे? मी कॉम्प्युटरला दोष दिला, हॉलमधल्या एसीला दिला, सकाळी खाल्लेल्या पोह्यांना दिला.

आणि सरांकडे काय चाललं होतं? जुन्या रजिस्टरच्या पुठ्ठ्याचा तळहाताएवढा तुकडा प्रत्येकाला दिलेला. प्रश्न वाचायचा, चारही पर्याय पुठ्ठ्याखाली झाकायचे, उत्तर आधी आपल्या तोंडानं सांगायचं आणि मगच पुठ्ठा उचलायचा. एका संध्याकाळी फक्त सहा प्रश्न. समोरच्या मोठ्या क्लासमध्ये तेवढ्या वेळात दीडशे होतात. वर घरचा अभ्यास असा, की रोज आपल्या घरातला एक प्रश्न तयार करायचा आणि त्याला तीन चुकीची उत्तरं शोधायची. चुकीची, पण अशी की शहाणा माणूस फसला पाहिजे. सरांचं म्हणणं, पेपर काढणारा खोटे पर्याय आकाशातून आणत नाही, तो ते आपल्याच चुकांमधून उचलतो. परीक्षा तोंडावर आलेली आणि माझी मुलगी रोज तास तास बसून चुकीची उत्तरं बनवत होती.

एके दिवशी तिनं मलाच पकडलं. वाक्य होतं, आई माझ्यावर रागावली आहे. इंग्रजीत 'माय मदर इज अँग्री', पुढे रिकामी जागा आणि मग 'मी'. पर्याय ऑन, विथ, अपॉन, ओव्हर. मी लगेच सांगितलं, ऑन. माझ्यावर, म्हणून ऑन. "विथ, आई!" म्हणत आचल इतकी हसली की शेवंतीची टोपली कलंडली. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये सरांनी तिला म्हणे शाबासकी दिली, कारण बी.ए. झालेली आई फसली होती.

त्याच आठवड्यात मी प्रश्नसंच पिशवीत घातला आणि क्लासला गेले. मुलं जायची वाट पाहिली. सरांना म्हटलं, सर, मी हिला इथून काढायचं म्हणते. पाच आठवडे राहिले. हिची तयारी झालेली आहे, हवं तर पुस्तकातलं कुठलंही विचारून पाहा.

सरांनी पुस्तकाची पानं चाळली. मग चष्मा वर करून म्हणाले, "ताई, तुमी विचारा. तुमी रोज विचारता तसंच."

मी पान उघडलं. "एकशे चोवीस," एवढं म्हटलं आणि प्रश्न वाचायला लागणार, तोच त्यांनी आपला पुठ्ठा माझ्या पानावर ठेवला. प्रश्न झाकला, पर्यायही झाकले.

आचल म्हणाली, "सी."

मी पुठ्ठ्याची कड उचलून पाहिलं. सी बरोबर होतं. त्यांनी स्वतः आणखी नंबर विचारले. तीनशे सात. ए. पाचशे एकसष्ट. डी. सगळी बरोबर. आचलचा चेहरा उतरला होता आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.

मग सरांनी एकशे चोवीसचा प्रश्न मोठ्यानं वाचला. स्केअर्स या शब्दाच्या विरुद्ध अर्थाचा शब्द कोणता? पर्याय वाचलेच नाहीत. आचल पुठ्ठ्याकडे बघायला लागली. तीन वर्षांत पाच वेळा तिनं हा प्रश्न बरोबर सोडवला होता आणि तिला त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता.

"बेटा," सर म्हणाले, "मे महिन्यात शेवंती कशी असते मंडीत?"

"भेटतच नाही, सर."

"म्हणजे स्केअर्स. अन् दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडू?"

"पायाखाली तुडवतात."

"अबंडंट," सर म्हणाले. "आता तू विसरून दाखव मले."

मी पुस्तक पिशवीत टाकलं. दोष कोणाचा ते कोणी बोललं नाही, पण ती खोली एवढी लहान होती की बोलायची गरजही नव्हती. तिचे हात गुंतलेले, पान तिनं कधी डोळ्यांनी पाहिलंच नाही. मी नंबर म्हणायचे आणि ती माझ्या आवाजावर उत्तर द्यायची. परीक्षेत त्यातले प्रश्न आले तरी कॉम्प्युटरनं नंबर बदलले, पर्यायांची जागा बदलली, तिथे माझा आवाज नव्हता. मी माझ्या हातानं मुलीला तीन वर्षं नंबर पाठ करून दिले होते.

जिना उतरताना आचलला विचारलं, तुला कळत नव्हतं का?

ती म्हणाली, "कळून राहिलं होतं, आई. पण तू किती खूश व्हायची."

मी घरी येऊन उगाच भांड्यांवर राग काढला.

दुसऱ्या दिवसापासून सरांचा हुकूम निघाला. पहाटेचं विचारणं चालू ठेवायचं, पण नंबर सांगायचा नाही, पर्याय वाचायचे नाहीत आणि पुस्तक कुठूनही उघडायचं. नव्वदची पोरगी पहिल्या दिवशी एकतीसवर आली. चौथ्या दिवशी अठ्ठावीस. मी सरांना फोन केला, की सर, हिचं कमी होऊन राहिलं. सरांनी शांतपणे विचारलं, की आधीचे नव्वद खरे होते का? या माणसाचा शांतपणा मला अजिबात सहन होत नाही. फुलं ओवता ओवता आम्ही अडतच राहिलो. एकेका शब्दापाशी तिला मंडीतली, घरातली, बसमधली गोष्ट शोधावी लागायची, आणि तोवर गिऱ्हाईक दारात येऊन उभं. धर्मेंद्र म्हणाले, तुमी हार करून राहिल्या का शाळा? चार वेळा हार उशिरा गेले. शेवटच्या आठवड्यात ती साठ-पासष्टवर आली. नव्वदची सवय लागलेल्या आईला पासष्ट म्हणजे काय वाटतं ते मी सांगत नाही.

परीक्षेचं केंद्र अकोल्याला आलं. बडनेऱ्याहून गाडी पकडून आम्ही दोघी गेलो. पुठ्ठा आत नेता येत नाही, म्हणून गेटवर तिनं तो माझ्या हातात दिला. कडा मळून मऊ झाल्या होत्या. मी बाहेर कडुनिंबाखाली बसून साडेतीन तास तो हातात धरला. बाहेर आली तेव्हा म्हणाली, स्क्रीनवर तळहात ठेवून पर्याय झाकत होते, तर पर्यवेक्षकांनी दोनदा टोकलं.

इंग्रजीत सतरा आले. मी पेढे घेऊन सरांकडे गेले. त्यांनी पेढा हातात धरला आणि म्हणाले, "सतरा राहू द्या ताई. आठ कोणते गेले?" ते आठ प्रश्न मी उतरवून नेले नव्हते. मला परत पाठवलं.

परवा यादी लागली. आचल प्रतीक्षा यादीत आहे, तिसरी. म्हणजे लागली असंही नाही, गेली असंही नाही. धर्मेंद्र दोन दिवस विचारताहेत की मग दुकानावर बसायचं की नाही, आणि मी विषय बदलते. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, "वेटिंग कन्फर्म होते, ताई. माही जिंदगी रेल्वेत गेली." आणि वर, वेटिंग कन्फर्म होईपर्यंत पुढच्या भरतीचा फॉर्म भरा म्हणाले. मी इतकी वैतागले की पिशवी तिथेच विसरून आले.

ती पिशवी आज संध्याकाळी आचलनं आणली. आत पुठ्ठ्याचा एक नवा तुकडा होता, कोरा, त्यावर सरांच्या कारकुनी अक्षरात माझं नाव. धर्मेंद्रना मी जेवताना सांगितलं, की फॉर्मची मुदत सोमवारपर्यंत आहे आणि आचल तो भरणार आहे. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, पहाटेचे हार तेवढे वेळेवर जाऊ दे.

आता घरात सगळे झोपलेत आणि आचलनं ऑनलाइन उत्तरपत्रिकेतून उतरवून दिलेले ते गेलेले आठ प्रश्न माझ्यासमोर आहेत. पर्याय झाकून बघतेय. तीन मलाही येत नाहीत.