अण्णांच्या हातातून घेतलेला मासा

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी जर्मनीत, गेर्लिंगेनच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होतो आणि मेधाचा फोन मी दोनदा कट केला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अण्णा गेले रे." अण्णा म्हणजे तिचे वडील, माझे सासरे. वय शहात्तर. उमेदीची वर्षं बसडेपोत मेकॅनिक म्हणून काढली, निवृत्तीनंतर मालवणजवळ खाडीकाठच्या घरी राहिले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. त्याला आता सात आठवडे झाले. या सात आठवड्यांत किती जणांनी मला सांगितलं की असं मरण भाग्यवंताला येतं, आणि दर वेळी माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी मान हलवत राहिलो. मान हलवणं मला छान जमतं, त्याचाच हा लेख आहे.

माझ्या सासूबाईंना विमानाची भीती, म्हणून अण्णा एकटेच आमच्याकडे ब्योब्लिंगेनला यायचे. सलग तीन वर्षं आले, प्रत्येक वेळी वसंतात. त्यांच्या पहिल्या खेपेच्या आधी मी इथली मासेमारीची परीक्षा पास झालो होतो. इथे परवान्याशिवाय गळाला हात लावणं गुन्हा, आणि परवान्यासाठी शनिवार-रविवारचा कोर्स, वर साठ प्रश्नांचा पेपर, सगळं जर्मनमध्ये. प्रमाणपत्राचा फोटो मी कौतुकानं घरच्या ग्रुपवर टाकला. अण्णांचं उत्तर आलं, "अभिनंदन. माशांनापण परीक्षा असते का?"

ते आले की दर शनिवारी सकाळी आम्ही आमच्या फेराइनच्या, म्हणजे मासेमारी क्लबच्या तळ्यावर जायचो. मी गळ टाकायचो, अण्णा घडीच्या खुर्चीत बसायचे. लहानपणापासून खाडीवर गरवत, म्हणजे गरी टाकून मासे धरत आलेला माणूस, आणि मी त्यांना सांगितलं होतं की कोणी येताना दिसलं तर हात जॅकेटच्या खिशात घाला. पहिल्याच वर्षी त्यांनी विचारलं होतं, एकदा टाकून बघू का. मी त्यांना पाच मिनिटं कायदा समजावला. माझा नागरिकत्वाचा अर्ज तेव्हा कचेरीत पडून होता, आणि तुमच्यावर कुठली चौकशी चालू आहे का, असा एक रकाना त्या अर्जात होता. त्या रकान्यानं माझी झोप उडवली होती. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे मी गरी धरली तर तुमचा पासपोर्ट बुडाला?"

"तसं नाही अण्णा, पण..."

"बरं. मी नुसता बसतो. बसायला परीक्षा नाही ना?"

एप्रिलमध्ये इथे बरेच मासे धरायला बंदी असते, म्हणून आम्ही गांडूळ लावून बार्श धरायचो. अंगावर उभे काळे पट्टे, खालचे पर शेंदरी, पाठीवर काटे. मोठ्या माद्या त्या दिवसांत पोटात अंडी घेऊन जड झालेल्या असतात. कुठला मासा ठेवायचा आणि कुठला सोडायचा, यावरून आमचं दर शनिवारी वाजायचं. माझ्याकडे मोजपट्टी आणि फेराइनची नियमांची पुस्तिका होती. ठरलेल्या मापाच्या वरचा मासा घरी न्यायचा, मजेसाठी पकडून सोडायचा नाही, कारण खाण्यासाठीच माशाला दुखवायचं असतं. हे अण्णांना पटलं होतं. माणसं शहाणी आहेत, म्हणाले. पण भरलेली मादी आली की त्यांच्या तोंडून मालवणी निघायचं, "सोडा तिका, भरलेली आसा." मी चिडवायचो, की घरी गाभोळीच्या, म्हणजे माशाच्या अंड्यांच्या तुकड्यासाठी तुम्ही भांडता आणि इथे साधू होता. त्यावर ते एकदा म्हणाले, "समुद्रातली खातो मी. तो मोठा आहे, चार म्हाताऱ्यांनी खाल्लं तर त्याला पत्ताही लागत नाही. ह्या तळ्याला कोण आणून देणार? मधले ठेवा. लहान वाढू देत, मोठ्या विऊ देत." मी पुस्तिका दाखवली.

दोन वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी थर्मास गाडीत राहिला. पाण्यातला गळ तसाच ठेवून मी पार्किंगकडे गेलो. रॉड सोडून जायचं नाही हाही नियमच, आणि तो मी मोडला. पार्किंगमध्ये फेराइनचे एक वयस्कर गृहस्थ भेटले, परवाने तपासायला निघालेले. आम्ही दोघं काठावर आलो तर अण्णा चिखलात वाकून उभे होते, रॉड बगलेत, आणि दोन्ही हातांत एक बार्श. त्या तळ्यात तेवढा मोठा मी कधी पाहिला नव्हता. मासा लागला होता आणि रॉड फरफटत पाण्यात चालला होता, तो त्यांनी धरला. कोणीही धरला असता. माशाला इजा होऊ नये म्हणून तो हातात घेण्याआधी त्यांनी हात ओले केले होते. कोर्समध्ये ही गोष्ट मला तीनदा सांगावी लागली होती... मला बघून ते हसले. तसं हसताना मी त्यांना आमच्या घरात कधी पाहिलं नाही.

"जावईबापू, बघा तरी. भरलेली आहे. तुम्हाला दाखवायची म्हणून थांबलो होतो, आता सोडतो."

मी जर्मनमध्ये सुरू झालो. त्या गृहस्थांनी अजून काही विचारलंही नव्हतं. हे पाहुणे आहेत, यांना शंभरदा बजावलंय, ऐकत नाहीत, म्हातारे आहेत, नियम यांच्या डोक्यात शिरत नाहीत, असं सगळं मी एका दमात बोललो. अण्णांना जर्मन येत नव्हतं, पण मी त्यांच्याकडे बोट दाखवत होतो एवढं त्यांना दिसत होतं. ते गृहस्थ म्हणाले, "असू द्या, मासा लागल्यावर माणूस काय करणार?" आणि त्यांनी चक्क पार्किंगकडे नजर वळवली. मासा सोडायला त्यांनी जागा करून दिली होती. मला ते कळलं. तरी मी पुढे झालो, अण्णांच्या हातातून तो मासा घेतला, मोजपट्टीवर ठेवला, लाकडी दांडका त्याच्या डोक्यात घातला आणि सुरी खुपसली. मी किती कायदेशीर माणूस आहे हे दाखवायला. गृहस्थांनी माझे कागद बघितले, पेट्री हाइल म्हणून मासेमाराच्या शुभेच्छा दिल्या आणि गेले. अण्णांनी हात पँटला पुसले, खुर्चीची घडी केली आणि गाडीत जाऊन बसले.

वाटेत मी म्हणालो, "नियमच तसे आहेत ना, अण्णा."

"हो, हो. तुमचं बरोबर आहे."

मेधाला यातलं काही माहीत नव्हतं. एवढी गाभोळी बघून ती खूश झाली, रवा लावून तळली. अण्णा पोट ठीक नाही म्हणाले आणि दहीभात खाऊन उठले. मी गाभोळी खाल्ली. फर्स्ट क्लास झालीय असंही म्हणालो. सप्टेंबरमध्ये मला जर्मन पासपोर्ट मिळाला आणि पुढच्या वसंतात अण्णा आले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले.

ते गेल्यावर आम्ही गावी गेलो. दहाव्याला अण्णांचे खाडीवरचे सोबती दत्तूकाका माझ्याजवळ बसले आणि चारचौघांत सांगायला लागले, की जावई असावा तर असा. तिकडे एवढे कडक कायदे, पण यांनी अण्णांच्या हातात गरी दिली, अण्णांनी हा एवढा मासा काढला, आणि यांनी विचारलं, ठेवायचा की सोडायचा ते तुम्ही सांगा. अण्णा म्हणाले सोडा, यांनी सोडला. अण्णांनी ही गोष्ट गावभर सांगितली होती. मेधा ते ऐकून माझ्या खांद्यावर रडली. आणि मी? मी मान हलवली. मेलेल्या माणसानं रचलेलं खोटं मी शालीसारखं अंगावर घेतलं. त्या क्षणी मला अण्णांचा इतका राग आला... तळ्यावरच का नाही ओरडलात माझ्यावर? "तुमचं बरोबर आहे" का म्हणालात?

परत आल्यावर आणखी एक गोष्ट कळली. इथे उत्तरेला समुद्राकाठच्या एका राज्यात पाहुण्यांना परीक्षेशिवाय चार आठवड्यांचा परवाना मिळतो. अण्णांना मी ट्रेननं तिकडे नेऊ शकलो असतो, समुद्रावर, हातात गरी देऊन. तीन वसंत हातात होते. मनाई करणारा प्रत्येक नियम मला पाठ होता, आणि परवानगी देणारा एखादा असेल का हे मी एकदाही शोधलं नाही. कायद्याचं नाव मी उगाच घेत होतो. मी भित्रा होतो.

गेल्या रविवारी जेवताना मेधाला सगळं सांगितलं. तिनं हातातला घास खाली ठेवला. म्हणाली, "ती गाभोळी मी तळली होती." त्यानंतर ती या विषयावर बोललेली नाही. मग मी आईंना, म्हणजे सासूबाईंना फोन लावला आणि त्यांनाही पहिल्यापासून सांगितलं.

"मला माहीत आहे," आई म्हणाल्या. "त्याच दुपारी फोन केला होता त्यांनी. रागावले होते. शेवटपर्यंत रागावलेलेच होते."

"आणि गुडघा?"

"गुडघा कसला? रोज खाडीवर जात होते."

मग गावात असं का सांगितलं त्यांनी, असं मी विचारलं. "मेधाला कळू नये म्हणून," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी नाही."

इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा कोणीतरी माझी समजूत काढली नव्हती. मी म्हणालो, आई, मी हे पेपरात लिहिणार आहे, सगळं, नावानिशी.

"लिहा की. पण लिहून मोकळे होऊ नका. आधी इथे या. त्यांची गरी पडवीत खुंटीला आहे, कोणी हलवलेली नाही. तिच्याखाली बसा, दत्तूभावजींना मी बोलावते, आणि त्यांच्या तोंडावर सांगा." मग म्हणाल्या, "मी चहा करायला आत जाणार नाही. तिथेच बसणार आहे."

शुक्रवारचं तिकीट काढलंय. हा लेख छापून येईल तोवर दत्तूकाकांनी ऐकलेलं असेल.