न निघणारं जनुक

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी मला एक जनुक काढायचं होतं आणि ते निघत नव्हतं. दुखणं एवढंच होतं, पण ते कुणाला सांगायचं म्हणजे आधी अर्धा तास प्रस्तावना करावी लागे.

जळगावच्या प्रयोगशाळेत मी आर्किया वाढवायची. दिसायला बॅक्टेरियासारखे एका पेशीचे जीव, पण कूळ वेगळं. माझे जे होते ते पंच्याहत्तर अंशांच्या आम्लात सुखाने नांदणारे. मे महिन्यात आम्ही ओला रुमाल डोक्यावर घेऊन बसायचो तेव्हा त्यांना बाहेर काढलं असतं, तर त्यांना हुडहुडी भरली असती.

कामाची पद्धत तशी आडदांडच. एखादं जनुक कशासाठी आहे ते कळत नसेल तर ते काढून टाकायचं आणि बघायचं. जीव जगला तर त्याच्यावाचून चालतं. जगतच नसेल तर ते अत्यावश्यक. माझ्या यादीत अकरा जनुकं होती. दहा निघाली, काही मुकाट्याने, काही रडतखडत. अकरावं मात्र ठाण मांडून बसलं. त्याच्या शेजारी आम्ही बाहेरचा डीएनए घुसवायचो. तो नंतर आपणहून बाहेर पडतो, आणि पडताना कधी जनुक बरोबर घेऊन जातो, कधी नुसता एकटा जातो. माझ्याकडे तो दर वेळी एकटाच जायचा.

जीव वाढवायच्या प्लेटी वाळू नयेत म्हणून मी त्या लाडवांच्या स्टीलच्या डब्यात ओल्या फडक्यासोबत गरम कपाटात ठेवायची. आठ-दहा दिवसांनी डबा उघडायचा, टाचणीच्या डोक्याएवढ्या जिवांच्या वसाहती उचलायच्या, तपासायच्या. जनुक जागच्या जागी. पुन्हा पहिल्यापासून.

मला कळेना की याचा अर्थ काय लावायचा. जनुक निघत नाही, कारण त्याच्यावाचून जीव मरतो, हे एक. जनुक निघत नाही, कारण मला काढता येत नाही, हे दुसरं. दोन्हीचा पुरावा एकच, काहीही न होणं. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "दहा निघाली ना? म्हणजे हात चांगला आहे. अत्यावश्यक लिहून टाक." मला ते पटलंही आणि नाहीही. पण कंटाळा असा आला होता की मी लिहून टाकलं. त्यावर प्रबंधाचं एक प्रकरण उभं राहिलं आणि सरांनी शोधनिबंध जर्नलकडे पाठवूनही दिला.

त्याच आठवड्यात माझे वडील एरंडोलकडून आले. आम्ही त्यांना नाना म्हणतो. ठिबक सिंचनाचे सुटे भाग घ्यायला आले होते, एसटीला वेळ होता म्हणून पिशवी घेऊन थेट प्रयोगशाळेत. टेबलावर माझ्या जनुकाचा छापील नकाशा पडला होता. एका रेषेवर एकामागे एक बाण, प्रत्येक बाण म्हणजे एक जनुक. नानांनी चष्मा लावला.

"हाई काय, गट नकाशा शे का?"

शेतांच्या हद्दींचा नकाशा वाटला त्यांना. मला हसू आलं. म्हटलं, तसंच समजा.

"हाऊ कोना?"

"हाऊ मना. फुडला दुसरासना."

त्यांनी दोन बाणांच्या मध्ये बोट ठेवलं. "मंग बांध कोठे शे?"

"तठे बांध नही ऱ्हास, नाना," मी जरा चिडूनच म्हणाले.

"बांध नही, तं तू नांगर कोठे उचलस?"

मी काहीतरी उडवाउडवी केली, त्यांना चहा पाजला आणि बसस्टँडवर सोडून आले. परत येऊन नकाशा पुन्हा काढला, एकेका अक्षरापर्यंत मोठा करून. बांध खरंच नव्हता. माझ्या जनुकाची शेवटची काही अक्षरं हीच शेजारच्या जनुकाची सुरुवात होती. कॉम्प्युटरने दाखवलं तिथपर्यंत मी डोळे मिटून कापत गेले होते, म्हणजे माझं काढताना दर वेळी शेजारच्याचं तोंडही कापत होते. या जिवांमध्ये जनुकं दाटीवाटीने, एकमेकांवर चढून असतात हे मी परीक्षेत लिहून मार्क घेतले होते. मग जीव कशाने मरत होता? माझं गेलं म्हणून की शेजारचं? आणि हे मला नव्हे तर नानांना कसं दिसलं? मला आधी त्यांचाच राग आला, मग माझा.

सरांना न सांगता मी तो प्रयोग पुन्हा मांडला. या वेळी माझ्या जनुकाची शेपटी तशीच ठेवली, शेजारच्याला धक्का लागू दिला नाही. दहाव्या दिवशी डबा उघडला. तपासलेल्या वसाहतींपैकी निम्म्यांत माझं जनुक नव्हतं आणि त्या मजेत वाढत होत्या. ज्याला मी अत्यावश्यक म्हणून बसले होते त्याच्यावाचून त्यांचं काहीच अडलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

आता निबंध गेलेला. गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. इतक्या आडवाटेच्या जिवावर हा प्रयोग पुन्हा करायला कोण बसलंय? सांगितलं तर प्रकरण बाद, वर्ष बाद, आणि सरांची मान खाली. दोन दिवस मी नुसती इकडून तिकडे फिरत होते. शेवटी नानांना फोन केला. ते म्हणतील, जाऊ दे पोरी, झालं ते झालं, अशी मला आशा होती, आणि खरं सांगायचं तर तेवढ्यासाठीच फोन केला होता.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सरले सांगी टाक," ते म्हणाले. मग हळू आवाजात, "तुना काकाना बांध मीच कोरेल शे. दर साल वितभर. आजलोंग कोनले सांगं नही."

आमच्या आणि त्यांच्या शेतांमधला बांध काकांनी कोरला, हे आमच्या घरात सूर्य उगवतो इतकं ठरलेलं होतं. त्या बांधापायी दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. त्या बांधापायी मी चुलतबहिणीच्या लग्नाला गेले नव्हते. लहानपणी आम्ही दोघी एका ताटात जेवायचो.

मी प्लेटी आणि कागद घेऊन सरांकडे गेले. त्यांनी सगळं दोनदा पाहिलं. "आधी का नाही दिसलं तुला?" एवढंच म्हणाले आणि माझ्यासमोरच निबंध मागे घ्यायची मेल लिहिली. मग तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझं वर्ष गेलं.

चुलतबहिणीला मी फोन केला. तिने उचलला. नानांनी कबूल केलं ते माझ्याजवळ, काकांजवळ नाही, मग ते मी कसं सांगायचं? तब्येत विचारली, मुलांची चौकशी केली, फोन ठेवला. काकांचं घर आमच्या घराला लागूनच आहे. नाना अजून तिकडे गेलेले नाहीत.