मामांच्या सायकलचे उलटे आटे

सायकलवाल्यांनो, आज माझ्यावर हसून घ्या.

कोरपन्याच्या सिमेंट कारखान्यातल्या परदेशी साहेबानं जाताना मामांना त्याची जुनी इटालियन रेसिंग सायकल दिली होती. ती रविवारी चालवून दाखवतो, असं मी मामांना बोलून बसलोय.

म्हणून आज वरोऱ्यात सायकल मिस्त्री किसनभाऊंकडे पायडलचा मधला दांडा धरणारे जुने कप काढायला घेतले. डावा निघाला, उजवा हलेना.

भाऊ म्हणाले, "उजवीकडचे आटे उलटे असते. उलटा फिरव."

पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवून दोघं दोन तास लोंबकळलो.

मग सहज नवा कप डावीकडं लावून पाहिला. तो आट्यांत न बसता सरळ आतच गेला. भाऊंनी पाइप बाजूला ठेवला. "अबे, हे आपलं मापच नाई, इटालियन हाय! म्हणजे उजवे आटे बी सुलटेच असतीन. आपण तं कसून राह्यलो होतो!"

आता तो कप कोणत्याच बाजूला हलत नाही. आणखी जोर लावला तर फ्रेमच जाईल. मामांचे दोन फोन येऊन गेले, उचलले नाहीत.

सोडवतोय समजून तुम्ही काय कसत बसला होता?