बाईंचा फोन भिंतीवर

रुकय्या बाईंच्या हातचा मार ज्याने खाल्ला नाही, असा चाळिशीच्या आतला माणूस खाडीच्या तोंडावरच्या त्या गावात शोधून सापडायचा नाही. बाई मूळच्या बांद्याच्या. बापाचं सुक्या मासळीचं दुकान. बाजाराच्या दिवशी आवाज चढवल्याशिवाय तिथे सोडे विकले जायचे नाहीत. तोच आवाज घेऊन बाई ऐन तारुण्यात इथल्या हायस्कुलात भूगोल शिकवायला आल्या. आवाज कमी पडला की शिपटी. चिंचेची बारीक ओली काठी, स्वतः तोडून, स्वतः सोलून आणलेली. पुढे कायदा आला, मुलांवर हात उचलायचा नाही असा कागद आला. बाईंनी कागदावर सही केली आणि शिपटी टेबलावरून कपाटामागे हलवली. कायद्याचा परिणाम झाला तो एवढाच.

आणि अशी ही वाघीण गेल्या जूनमध्ये एका टीव्हीला घाबरली.

टीव्ही नव्हेच तो. मुंबईतल्या गावकऱ्यांनी वर्गणी काढून सातवीच्या वर्गात बसवलेला मोठा पॅनल. बोट लावलं की पान उलटतं, नकाशा फिरतो. बाईंनी पहिल्याच दिवशी सवयीप्रमाणे शिपटीने त्यावर सह्याद्री दाखवायला घेतला, तर ढिम्म काही हलेना. दोनदा जोरात आपटली, तरी नाही. "बाईनू, तेका बोट लावूचा लागता," मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं आणि वर्ग खुसखुसला.

दुसऱ्याला विचारायचं म्हणजे बाईंच्या जिवावर यायचं. पण संध्याकाळी त्यांनी मुंबईच्या लेकीला, मदिहाला, फोन लावलाच. आपला फोन पॅनलला कसा जोडायचा, फोनमधलं चित्र भिंतीवर कसं आणायचं, ते मदिहाने सांगितलं. सोडवायचं कसं, ते सांगायच्या आत तिला दाराशी कोणीतरी बोलवलं आणि फोन बंद झाला. बाईंनी परत लावला नाही. जोडता आलं, तर सोडवायला काय वेगळी अक्कल लागते? फोन घेऊन वर्गाबाहेर गेलं की सुटलाच तो, अशी त्यांनी आपल्यापुरती समजूत करून घेतली. शिकवणाऱ्या माणसाची समजूत चुकतेय, हे सांगायला कोण धजणार?

त्यानंतर मात्र बाईंचा तास रंगायला लागला. भरती-ओहोटी भिंतीवर, वादळाचा डोळा भिंतीवर. शिक्षकांच्या खोलीत बाई मान ताठ करून चहा प्यायला लागल्या.

मग तो दिवस आला. सकाळीच जेटीवर मारामारी झाली होती. भांडण जुनंच. एका बाजूला समुद्रात दिव्यांचा झगमगाट करून मासळी गोळा करणाऱ्या मोठ्या बोटींवरची माणसं आणि दुसऱ्या बाजूला किनाऱ्यावरून रापण ओढणारे, ज्यांच्या जाळ्यात हल्ली शेवाळ तेवढं येतं. बोट हाकणारा तांडेल गंगाराम आणि रापणवाला बाबू हे त्यात पुढे. दोघेही बाईंचेच विद्यार्थी, एका बाकावर बसून एकाच शिपटीचा मार खाल्लेले. आता गंगारामाचा सर्वेश आणि बाबूचा विनीत सातवीत एका बाकावर बसत.

बाईंनी वर्गाला नकाशा काढायला दिला आणि शेजारच्या खोलीत चहाला गेल्या. फोन वाजला. गावच्या ग्रुपवर कोणीतरी जेटीचा व्हिडिओ टाकला होता. बाईंनी बघितला. गंगाराम वल्ह्याने बाबूला मारत होता. बाबू गुडघ्यावर आला, आडवा झाला, तरी वल्हं थांबेना. डोक्यावर लाकूड बसल्याचा आवाज आला तेव्हा बाईंच्या तोंडून "या अल्ला" निघालं, आणि माणसाची जात अशी की त्यांनी तो पुन्हा पहिल्यापासून लावला.

तोच आवाज भिंतीपलीकडून आला. फोनमधल्यापेक्षा कितीतरी मोठा.

बाई धावल्या. वर्गात भिंतभर बाबू पडत होता, रक्तासकट. विनीत उभा होता. त्याने एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा शेजारच्या सर्वेशकडे, आणि हातातलं कर्कटक त्याच्या दंडात खुपसलं. सर्वेश किंचाळला. मग त्याने विनीतचे केस धरून त्याचं तोंड बाकावर आपटलं. दात तुटला, वहीवर पडला. पुढे कोण कोणाचा ते विचारू नका. बोटवाल्यांची पोरं रापणवाल्यांच्या पोरांवर तुटून पडली. मुलीसुद्धा मागे नव्हत्या. नखं, दप्तरं, कंपासपेट्या. पाण्याची स्टीलची बाटली भिरभिरत आली आणि बाईंची भुवई फुटली.

बाईंनी कपाटामागून शिपटी ओढली आणि झोडपायला सुरुवात केली. पाठ दिसेल ती पाठ, पाय दिसेल तो पाय. डाव्या मुठीत फोन तसाच होता, अंगठा कुठेतरी लागला आणि व्हिडिओ थांबला. वर्गही थांबला. नुसते हुंदके. सर्वेश आणि विनीतला बाईंनी आपल्या मागे कोपऱ्यात ढकललं.

पण शाळा आणि वाडी हाकेच्या अंतरावर. एक मुलगी ओरडत घरी पोचली होती. बाई कपाळाला पदर लावतात तोवर गंगाराम अंगणात होता, हातात लोखंडी बार, मागे बोटीवरचे चौघे. दुसऱ्या बाजूने बाबू आला, डोक्याला दवाखान्यातली ताजी पट्टी आणि हातात कोयता. मुख्याध्यापक सभेला तालुक्याला गेलेले.

"खंय आसा तो बाबूचो झील?" गंगाराम गरजला. "माझ्या पोराचो हात फोडल्यान तेना!"

"गंगारामाच्या झिलाक भायर काढा, बाईनू," बाबू म्हणाला. त्याचा आवाज हळू होता, आणि तो जास्त वाईट होता.

बाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "एकय पोर भायर येवचा नाय."

"बाईनू, बाजूक होवा," गंगाराम म्हणाला. "तुमच्यार हात उचलूक लावू नकात."

"उचल! उचल रे, गंगाराम!" बाईंनी उजव्या हातातली शिपटी वर केली आणि डाव्या हाताने फोन समोर धरला. "मी फोटू घेतंय. पोलिसांकय दिसांदे नि तुझ्या झिलाकय दिसांदे, बापूस कसो आसा तो!"

त्यांनी कॅमेरा उघडला. गंगारामाने बार डोक्यावर नेला. आणि तो तिथेच राहिला.

तो बाईंकडे बघत नव्हता. बाईंच्या खांद्यावरून पलीकडे, दारासमोरच्या भिंतीकडे बघत होता. बाबूही तिकडेच. कोयता हळूहळू खाली आला. बाईंनी मान वळवली.

घाईत कॅमेरा उलटा, सेल्फीचा लागला होता. भिंतीवर बाई स्वतः होत्या, हनुवटीपर्यंत रक्ताने माखलेल्या, आणि त्यांच्या पाठीमागे, कोपऱ्यात, ती दोन पोरं. सर्वेशने रक्ताळलेल्या हातांनी विनीतचं डोकं छातीशी घट्ट धरून झाकलं होतं. विनीतने त्याच्या सदऱ्यात मुठी रुतवल्या होत्या. दोघांचेही डोळे मिटलेले. बापाचा हात कसा पडतो, ते सर्वेशला व्हिडिओत बघायची गरज नव्हती.

बार अंगणातल्या चिऱ्यावर पडला. बाबू पायरीवर बसला आणि पट्टीवर हात धरून लहान पोरासारखा रडला.

माफी वगैरे कोणी मागितली नाही. गळ्यात गळे पडले नाहीत. जेटीची केस कोर्टात आहे आणि ते दोघे आजही रस्ता बदलून जातात. पण त्या दिवशी ते गेले, एक इकडून, एक तिकडून, आणि अंगण रिकामं झालं.

जखम बघायला बाई पोरांकडे वळल्या. शिपटी अजून हातात होती, अजून वर होती. सर्वेशने त्यांना बघितलं आणि विनीतचं डोकं पुन्हा झाकलं. मागे सगळ्या वर्गाचे हात आपापल्या डोक्यावर गेले. बापांना बघून गेले होते, तस्से.

गंगाराम आणि बाबू बारा वर्षांचे असताना ह्याच वर्गात असेच डोक्यावर हात धरून बसायचे, ते बाईंना आठवलं, आणि लाज वाटली. त्यांनी शिपटी मोडायला घेतली. ओली काठी मोडेना, नुसती वाकली. त्यांनी ती टेबलावर ठेवली. भिंतीवर अजून त्यांचंच तोंड होतं, जाईना.

"सर्वेश," बाई म्हणाल्या, "ह्यां सोडवतत कसां रे? माका येणा नाय."

त्या वर्गात बाईंनी असं कधीच कोणाला विचारलं नव्हतं. सर्वेश जागचा हलला नाही. तो टेबलावरच्या शिपटीकडे बघत होता. बाईंनी ती उचलून खिडकीबाहेर टाकली, तेव्हा तो उठला.